चुंबकाने संयम वाढतो का? (टीएमएस, मेंदू आणि तंबाखूची पुडी)

परसदार

ऑफिसच्या ग्रुपवर परवा एका क्लिनिकची जाहिरात फिरत होती. 'ना गोळी, ना सुई. मेंदूची इच्छाशक्ती वाढवा. व्यसन, राग, मोबाइल, सगळ्यावर ताबा.' खाली खुर्चीत डोळे मिटून बसलेला हसरा गृहस्थ आणि त्याच्या डोक्याला टेकवलेली इंग्रजी आठच्या आकाराची काळी चकती. मी इलेक्ट्रिकलवाला, त्यामुळे हसऱ्या गृहस्थापेक्षा चकतीकडे आधी लक्ष गेलं आणि मग दोन रात्री त्यावर वाचत बसलो. जे हाती लागलं ते मांडतो. इथे डॉक्टर मंडळी आहेत, ती भर घालतीलच.

चकती म्हणजे तांब्याच्या तारेची कॉइल. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ सालचं: चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात वीज खेळते. इथे वाहक म्हणजे आपला मेंदू. बाहेरून थेट वीज द्यायची तर कवटीचं हाड तिला अडवतं आणि डोक्याच्या कातडीला भयंकर झोंबतं. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड आडवं येत नाही. १९८५ मध्ये इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून माणसाच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले, तिथून हे तंत्र सुरू झालं. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणून टीएमएस. क्षेत्र दीड-दोन टेस्लाचं, म्हणजे दवाखान्यातल्या एमआरआयच्या तोडीचं, पण एक स्पंद सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ टिकतो. साधी कॉइल दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल पोचत नाही.

आता संयमाचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्न्ड फिग्नर वगैरे मंडळींनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला. कपाळाच्या डाव्या बाजूच्या भागावर, लॅटरल प्रीफ्रंटलवर, सावकाश स्पंद देऊन तो भाग थोडा वेळ मंद केला. मग लोकांना विचारलं: आत्ता थोडे पैसे हवेत की काही आठवड्यांनी जास्त? डावी बाजू मंद केलेले लोक 'आत्ताच द्या'कडे जास्त झुकले. गंमत पुढे आहे. दोन्ही रकमा नंतरच मिळणार असतील तर काही फरक नाही. आणि नुसतं 'ही रक्कम तुम्हाला किती आवडेल' असं विचारलं तरीही काही फरक नाही. म्हणजे जास्त पैसे जास्त चांगले हे त्यांना कळत होतं. समोरचं दिसल्यावर थांबणं तेवढं जमत नव्हतं.

दुसरा प्रयोग झुरिकचा, २०१६ चा, अलेक्झांडर साउचेक आणि इतरांचा. त्यांनी कपाळ सोडून कानाच्या वर-मागे असलेला भाग घेतला, टेम्पोरोपरायटल जंक्शन. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायचं काम मेंदूचा हा भाग करतो असं मानतात. तो मंद केल्यावर लोक दुसऱ्याशी वाटून घेण्यात हात आखडायला लागले, आणि स्वतःच्याच पुढच्या मोठ्या रकमेसाठी थांबायलाही कमी तयार झाले. खोलीत उभ्या असलेल्या चित्रातल्या माणसाला भिंतीवरचे किती ठिपके दिसत असतील, या साध्या कामातही ते कच्चे पडले. लेखकांचं म्हणणं असं की सहा महिन्यांनंतरचा मी हा आत्ताच्या मला जवळजवळ परका माणूस आहे आणि त्याच्या जागी उभं राहता आलं तरच मी त्याच्यासाठी आत्ताचं सोडतो.

मला हे भलतंच आवडलं. पण एक खटकतंय. या दोन्ही प्रयोगांत संयम बिघडवला आहे. वाढवलाय कुठे?

---

खडीसाखर

मस्त धागा. आमच्या घरी ही चकती आणली तर ती फ्रीजच्या दारावर बसवावी लागेल. रात्री अकरानंतर दार उघडणाऱ्याला झटका. (हलके घ्या.)

---

तिरफळ

परसदार, शेवटचा प्रश्न नेमका आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, आमच्याकडे हे यंत्र आहे, आणि अशा जाहिराती वाचून येणारे पेशंटही येतात.

घड्याळात काडी घातली की घड्याळ थांबतं. त्यावरून काडीचं टोक कुठल्या चाकाला लागलं ते कळतं, काडी घालून घड्याळ वेळेवर आणता येत नाही. प्रयोगशाळेतले बरेचसे प्रयोग काडी घालण्याचे आहेत आणि ते त्या कामासाठी उत्तमच आहेत. जाहिरातवाले त्यातून उलटा अर्थ काढतात: मंद केल्यावर संयम घटला, म्हणजे उत्तेजित केल्यावर वाढणारच. तसं होत नाही. सेकंदाला एक स्पंद दिला की भाग मंद होतो, दहा दिले की चेततो, हा आमचा ढोबळ नियम. पण माणसागणिक तो बदलतो, एकाच माणसात आज एक आणि उद्या वेगळं असंही होतं. फिग्नरने डावी बाजू मंद केली आणि लोक उतावीळ झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उजवी बाजू मंद केली, तर लोक जास्त थांबायला लागले. आता बोला.

खुर्चीत प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे गूढ कमी होईल. पेशंटच्या डोक्यावर कापडी टोपी चढवतो, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि कानापासून कानापर्यंत टेपने मोजून खुणा करतो. दोन्ही कानांत बोळे. मग कॉइल डोक्याच्या वरच्या बाजूला, हाताचं नियंत्रण करणाऱ्या पट्टीवर ठेवून एकेक स्पंद सोडतो. टक्. काही नाही. अर्धा सेंटीमीटर सरकवून पुन्हा टक्. कधीतरी मांडीवर सैल ठेवलेल्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. पेशंट स्वतःच्या अंगठ्याकडे बघतच राहतो. हलवला कोणी? मग ताकद कमी करत जायचं. दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल एवढी किमान ताकद म्हणजे त्या माणसाचा मोटर थ्रेशोल्ड. पुढचे सगळे डोस याच्या टक्केवारीत. त्यानंतर कॉइल पुढे कपाळाकडे न्यायची आणि उपचार सुरू.

जे क्लिनिक अंगठा न बघता थेट 'चला, बसा' म्हणतं तिथून उठून यावं.

मान्यतेचं: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) आणि २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी टीएमएसला परवानगी दिली. 'इच्छाशक्ती' नावाचा आजारही नाही आणि त्यावरची परवानगीही नाही. राग आणि मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको.

---

वाटसरू_कऱ्हाड

>> २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी

त्या अभ्यासाचे आकडे इथे असायला हवेत. २६२ जण, १४ केंद्रं. अर्ध्यांना खरी कॉइल, अर्ध्यांना आवाज करणारी पण काम न करणारी खोटी. तीन आठवडे रोज, मग तीन आठवडे आठवड्यातून एकदा. उपचार पूर्ण केलेल्यांत सलग चार आठवडे सिगारेट न ओढणारे खऱ्या गटात २८ टक्के, खोट्या गटात ११.७ टक्के. पण मध्येच सोडून गेलेल्यांना धरून हिशेब केला की १९.४ विरुद्ध ८.७. जाहिरातीत पहिला आकडा येतो, मी दुसरा धरतो. म्हणजे शंभर जण बसले तर ऐंशी जण ओढतच राहिले, आणि ज्या वीस जणांची सुटली त्यातल्या आठ-नऊ जणांची खोट्या कॉइलनेही सुटलीच असती.

शिवाय अभ्यासाचा खर्च कंपनीचा आणि मुख्य संशोधक त्याच कॉइलचे सहशोधक. यात बेकायदेशीर काही नाही, पण लक्षात ठेवावं.

अवांतर: संयमाच्या मानसशास्त्राची एकूण अवस्था पाहता मी जरा जपूनच असतो. 'इच्छाशक्ती वापरली की संपते' हा बाउमाइस्टरचा १९९८ चा सिद्धांत दोन दशकं सगळीकडे छापून आला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तो पुन्हा तपासला, परिणाम जवळपास शून्य.

---

तिरफळ

आकडे बरोबर आहेत, पण दुसरी बाजूही मांडते. अभ्यासातले लोक जुने, पक्के ओढणारे होते, आधी सोडायचा प्रयत्न करून फसलेले. अशा लोकांत दुपटीचा फरक किरकोळ नाही.

त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॉइल सुरू करण्याआधी त्यांना मुद्दाम तलफ आणत. सिगारेटची चित्रं दाखवायची, कुठल्या प्रसंगी हमखास ओढता ते आठवायला लावायचं. तलफ चढलेली असताना स्पंद सुरू. कॉइलही वेगळी, जरा खोल जाणारी; कपाळाच्या दोन्ही बाजू आणि आतला इन्सुला नावाचा भाग असा तिचा पल्ला.

इन्सुलाच का? २००७ मध्ये नक्वी, बेशारा, दमासिओ या मंडळींनी पक्षाघात झालेल्या सिगारेटबाजांचा अभ्यास केला. इन्सुलाला इजा झालेल्या काही जणांची सिगारेट एका फटक्यात सुटली. दात-ओठ खाऊन नाही, त्यांना ओढावीशीच वाटेना.

आता सांगा, याला संयम म्हणायचं का? ओढ कमी झाली की आवर वाढला? सिगारेट सुटलेल्याला फरक पडत नाही, पण 'इच्छाशक्ती वाढवतो' म्हणणाऱ्याला पडायला हवा. त्या १९.४ टक्क्यांत नेमकं काय घडलं, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही.

---

लोणारी

वाचून राहिलो. सगळं छान आहे, पण महाराष्ट्रात सिगारेट ओढतो कोण?

२०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूवाले होते. त्यात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के आणि बिनधुराची खाणारे-लावणारे २४.४ टक्के (काही जण दोन्हीत). म्हणजे मळलेली तंबाखू, मशेरी, आणि आमच्या विदर्भात खर्रा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात. घोटताना जो आवाज येतो तो ऐकूनच माणसाचं तोंड सुटतं. तुमच्या त्या 'मुद्दाम तलफ आणण्या'ला आमच्याकडे यंत्र लागत नाही, चौकात उभं राहिलं की झालं.

गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे. बंद आहे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

माझा एक दोस्त एसटीत आहे. त्याला म्हटलं सोड, तर म्हणतो, "काहून सोडू बाप्पा? सकाळी खर्रा नाही घेतला तं पोटच साफ होत नाही." या माणसाला रोज तालुक्याहून नागपूरला जाऊन खुर्चीत बसवायचं? तीन आठवडे? ड्युटी कोण करणार?

सांगायचं एवढंच की तो १४ केंद्रांचा अभ्यास सिगारेटवाल्यांचा आहे. खर्रावाल्यावर तो तसाच्या तसा लागू होतो असं कोणी सांगत असेल तर तो पॅकेज विकून राहिला आहे.

---

निंबोणी

लोणारी +१. माझी आजी मशेरी भाजायची, त्या वासाने मला अजून मळमळतं. तिला व्यसन आहे असं घरात कोणी कधी म्हटलं नाही, 'दात घासते' म्हणायचे.

---

कोष्टी

दारूबद्दल आपल्याच देशातला जुना अभ्यास आहे, तो कसा कोणी काढला नाही? रांचीला कांकेची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था. तिथल्या मिश्रा, निजामी वगैरेंनी २०१० मध्ये छापला. दारूच्या व्यसनाचे ४५ पेशंट, तीसजणांना खरं, पंधरांना खोटं; उजव्या कपाळावर सेकंदाला दहाच्या वेगाने, दहा बैठका. खऱ्या गटात तलफ स्पष्ट कमी झाली. जगात या विषयावर फार थोडे अभ्यास होते तेव्हाचा आहे हा.

मग २०१६ मध्ये इटलीत पादुआला कोकेनवाल्या ३२ जणांवर केलं, ते डावीकडे. त्यामागे उंदरांवरचा २०१३ चा प्रयोग होता: पायाला शॉक बसला तरी कोकेनची कळ दाबत राहणाऱ्या उंदरांचा प्रीफ्रंटल भाग प्रकाशाने चेतवला, तर त्यांनी कळ दाबणं कमी केलं.

तिरफळताई, उजवं की डावं हा घोळ काय आहे?

---

तिरफळ

घोळच आहे. नैराश्यात डावीकडे वेगाने द्यायचं हे बरंच पक्कं झालंय, व्यसनात नाही. रांचीचा अभ्यास मी शिकत असताना वाचला होता आणि अभिमान वाटला होता, अजून वाटतो. पण 'तलफ कमी' हे प्रश्नावलीतल्या गुणांवरून. वॉर्डात, बाटली समोर नसताना, भरलेल्या. घरी गेल्यावर सहा महिन्यांनी बाटली समोर असताना काय, हा वेगळा प्रश्न. आणि पादुआच्या अभ्यासात खोटी कॉइल नव्हती, दुसऱ्या गटाला गोळ्या होत्या. कोण कुठल्या गटात ते सगळ्यांनाच ठाऊक.

---

सायाळ

न्यू जर्सीतून लिहितेय. मी टीएमएस घेतलंय, नैराश्यासाठी. इथे इन्शुरन्सवाले आधी गोळ्या लागू पडल्या नाहीत हे कागदोपत्री दाखवायला लावतात, मग मंजुरी देतात. सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. हल्ली तीन मिनिटांचाही प्रकार आहे. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात तो साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या प्रकाराच्या तोडीचा ठरला, २०१८ मध्ये. माझा मात्र जुना, लांबलचक.

दुखतं का? पहिले काही दिवस हो. कॉइलखालची कातडी चिमटा घेतल्यासारखी, डावी भुवई प्रत्येक स्पंदाला उडते, दात एकमेकांवर आपटतात. टक-टक-टक-टक चार सेकंद, मग शांतता, मग पुन्हा. त्या शांततेत तिथली टेक्निशियन माझ्याशी गप्पा मारायची. तिचा मुलगा, तिची गाडी, काल काय रांधलं.

तिसऱ्या आठवड्यानंतर मी साचलेल्या ईमेलना उत्तरं द्यायला लागले. नवऱ्याच्या आधी लक्षात आलं. आता हे चुंबकाने झालं, की रोज सकाळी अंघोळ करून घराबाहेर पडावं लागलं त्याने, की रोज एक माणूस माझ्याशी अर्धा तास बोलत होतं त्याने, मला वेगळं काढता येत नाही. मी अभ्यास नाही, एक पेशंट आहे.

संयम वाढला का? त्या सहा आठवड्यांत मी घरी जाताना वाटेतल्या बेकरीतून रोज काहीतरी उचलत होते. त्यावर काडीचा परिणाम नाही.

---

वाटसरू_कऱ्हाड

सायाळ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टेक्निशियनचा मुद्दा अगदी रास्त आहे. खोट्या कॉइलच्या गटालाही ती टेक्निशियन मिळते, म्हणून तर त्या गटातही काहींची सुटते.

---

आडगावचा

थोडं वेगळं, पण संबंध आहे. वडिलांना पार्किन्सन. गोळ्या सुरू झाल्यावर हाताचा कंप कमी झाला, सगळे खूश. सात-आठ महिन्यांनी बँकेतून मेसेज यायला लागले. आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस, निवृत्त मुख्याध्यापक, रात्री दोनला पांघरुणात मोबाइल धरून ऑनलाइन रमी खेळत होता. आई म्हणायची म्हातारपणी बुद्धी फिरली. काका म्हणाले संस्कार कमी पडले (मुख्याध्यापकाला!). शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळीचं नाव बघून पहिलाच प्रश्न विचारला, "जुगार, खरेदी, खाणं, यातलं काही वाढलंय का?" गोळी प्रामिपेक्सोल. डोस हळूहळू उतरवून औषध बदललं आणि रमी गेली. पैसे गेले ते गेले.

आधीच्यांनी हा धोका सांगितला नव्हता, त्याचा राग अजून आहे. पण तेव्हापासून कोणी 'मनाचा निग्रह' वगैरे बोलायला लागलं की मी गप्प बसतो. माझ्या बापाचा निग्रह गोळीने गेला आणि गोळी थांबवल्यावर परत आला.

---

तिरफळ

आडगावचा, वाईट वाटलं. या गटातल्या गोळ्यांचा, रोपिनिरोलचाही, हा नोंदलेला दुष्परिणाम आहे आणि पेशंट स्वतः तो सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. घरच्यांनाच विचारावं लागतं. इथे कोणाच्या घरी ही गोळी चालू असेल त्यांनी मनाने बंद करू नये, पण पुढच्या भेटीत हा विषय नक्की काढावा.

---

परसदार

आडगावचा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मूळ प्रश्न मी जरा बदलतो. रसायनाने आवर जाऊ शकतो, परत येऊ शकतो, चुंबकाने थोडा वेळ घालवताही येतो. मग बाहेरून आणलेला संयम 'आपला' का नाही? काकांच्या भाषेत संस्कार कमी, म्हणून चकती लावली. त्यात लाज कसली?

---

निंबोणी

लाज नाही, पण चकतीच कशाला? झुरिकवाल्यांचं म्हणणं खरं असेल, पुढच्या वर्षीची मी ही परकी बाई असेल, तर आपल्या बायकांनी तो प्रश्न केव्हाच सोडवलाय: भिशी. माझ्याच्याने घरात पैसे टिकत नाहीत हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला ते मी दुसऱ्या बाईच्या हातात देते. हप्ता चुकला तर बिल्डिंगमधल्या अकरा जणी तोंडावर विचारतात. पीपीएफची पंधरा वर्षं म्हणजे तरी काय? सरकारने आपले हात बांधावेत म्हणून आपण रांग लावतो.

आणि हे नुसतं बायकी शहाणपण नाही. फिलिपिन्समध्ये मिंदानाओ बेटावर जिने, कार्लन आणि झिनमन या अर्थतज्ज्ञांनी सिगारेट ओढणाऱ्यांना एक बँक खातं देऊ केलं. सहा महिने स्वतःचे पैसे त्यात भरायचे, शेवटी लघवीची निकोटिन चाचणी. पास झालात तर पैसे परत, नापास तर सगळे दानधर्माला. ज्यांना हे खातं देऊ केलं ते चाचणीत तीन टक्के-बिंदूंनी जास्त पास झाले, आणि वर्षाने अचानक घेतलेल्या चाचणीतही फरक टिकला. खातं घेतलं मात्र दहातल्या जेमतेम एकाने.

---

वाटसरू_कऱ्हाड

तीन टक्के-बिंदू विरुद्ध कॉइलचे दहा-अकरा. पण तिथे मोजणी खातं देऊ केलेल्या सगळ्यांची आहे, न घेतलेल्यांसकट. इथे स्वतःहून खुर्चीत येऊन बसलेल्यांची. शिवाय तिथे सहा महिने, वर्ष. इथे सलग चार आठवडे. शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, पण भिशीचं यंत्र फार स्वस्त आहे हे मान्य.

---

लोणारी

भिशी आवडली. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेचं मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान २०१६ पासून हेच करून राहिलं आहे: गावाने मिळून ठरवायचं, ठेल्यावर खर्रा ठेवायचा नाही. एकट्याने संयम ठेवायचाच नाही, तर समोरून वस्तूच हटवायची. पूर्ण जमलं असं मी म्हणणार नाही, शेजारच्या जिल्ह्यातून माल येतोच. पण माझ्या दोस्ताच्या डेपोसमोर पाच ठेले आहेत. त्याच्या डोक्याला कॉइल लावून त्याला पुन्हा त्याच पाच ठेल्यांसमोर सोडायचं, याला काय अर्थ आहे?

---

पहाटेचा_अभ्यास

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. एमपीएससी करतो, पुण्यात अभ्यासिकेत बसतो. रील्समुळे वाट लागलीये. एक हेडसेट ऑनलाइन मिळतो, कपाळाला पट्ट्या लावून हलका करंट देतो, 'फोकस वाढतो' म्हणतात. आमच्या अभ्यासिकेत एकाने घेतलाय. हेच टीएमएस का? घेऊ का?

---

तिरफळ

नको घेऊस. हे टीएमएस नाही, टीडीसीएस. एक-दोन मिलीअँपिअरचा सततचा प्रवाह. टीएमएस मेंदूच्या पेशी थेट चेतवतं, हे नुसतं त्यांना चेतायच्या जरा जवळ किंवा लांब नेतं. संशोधनात आणि काही आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात, ते ठीक. घरी पट्टी कोरडी पडली की कातडी भाजते, आणि पट्टी दोन बोटं इकडेतिकडे झाली की आपण काय चेतवतोय ते कळत नाही. निरोगी मुलाने परीक्षेसाठी हे करावं असं सांगणारा पुरावा नाही. ज्याने घेतलाय त्याला मागे फिट आली असेल, किंवा काही गोळ्या चालू असतील, तर आजच थांबायला सांग.

---

निंबोणी

बाळा, अभ्यासिकेत शिरताना फोन काउंटरवरच्या काकांकडे दे. संध्याकाळी सहाच्या आत परत मागितला तर चहा पाजायचा, सगळ्या खोलीला.

---

पहाटेचा_अभ्यास

काकू, आमच्या खोलीत साठ जण बसतात. :)

---

निंबोणी

म्हणूनच म्हणते.

---

परसदार

तिरफळताई, मूळ जाहिरातीतल्या क्लिनिकमध्ये ऑफिसातले दोघं जाणारच आहेत, थांबत नाहीत. त्यांनी काय विचारावं?

---

तिरफळ

निदान काय लिहिताय ते विचारावं. 'इच्छाशक्ती' लिहिलं तर निघावं. उपचार मानसोपचारतज्ज्ञ ठरवणार की सेल्समधला मुलगा? मोटर थ्रेशोल्ड कोण काढणार? खोलीत फिट आली तर हाताळणारं कोण आहे? (दुर्मिळ आहे, पण टीएमएसचा खरा गंभीर धोका तोच, डोकेदुखी आणि टाळू दुखणं मात्र नेहमीचं.) सोबत समुपदेशन आहे की नुसती खुर्ची? आणि पैसे बैठकीगणिक द्यायचे, आगाऊ पॅकेज घ्यायचं नाही.

तंबाखूसाठी कोणालाही आज काही करायचं असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे, फुकट. लोणारी, तुमच्या एसटीवाल्यालाही द्या. मन ठीक नसेल तर टेलि-मानस, १४४१६.

---

लोणारी

दिला नंबर. "पोटाचं विचारतो आधी," म्हणे.

---

कोष्टी

एक बारीक शंका. आईच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे आणि बाबांना नैराश्यासाठी टीएमएस सुचवलंय. रोज आईच सोबत जाणार. तिने खोलीत बसलं तर चालेल?

---

तिरफळ

आईंना स्वतःला टीएमएस देता येणार नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची धातूची क्लिप, असं काही कॉइलपासून तीस सेंटीमीटरच्या आत नसावं हा नियम. सोबत म्हणून त्यांना बाहेरच्या खोलीतच बसवा आणि तिथल्या डॉक्टरांना इम्प्लांटचं पहिल्याच दिवशी सांगा. बाबांच्या दातांतलं फिलिंग चालतं. चष्मा, श्रवणयंत्र, खिशातलं एटीएम कार्ड आणि मोबाइल मात्र बाहेर ठेवायला सांगा.